वाचकांचे प्रश्न : नवा फोन आला, जुना लगेच देऊ नका

दिवाळीच्या सवलतीत फोन बदललेल्यांची पत्रं अजून येत आहेत आणि यंदा त्यांत सॉफ्टवेअर लिहून पोट भरणाऱ्यांचा भरणा जास्त आहे. कॅमेरा कसा, स्क्रीन कशी, हे त्यांनी विचारलेलं नाही. त्यांचं गाऱ्हाणं एकच : फोन झकास आहे, पण काम अडलं. काही पत्रांतले प्रश्न सारखे होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : चार वर्षं वापरलेल्या अँड्रॉइड फोनवरून नव्या अँड्रॉइड फोनवर आलो. दोन्ही केबलने जोडून सगळं कॉपी केलं. फोटो, संपर्क, एसएमएस, अगदी वॉलपेपरसुद्धा आला. पण बँकेची अ‍ॅप्स कोरी, ऑथेंटिकेटर (लॉगिनसाठी दुसरा आकडा देणारं अ‍ॅप) कोरा आणि ऑफिसच्या लॉगिनची मंजुरी अजून जुन्याच फोनवर येते. कॉपी अर्धवट झाली का? आणि मुळात कोणत्या क्रमाने जायला हवं होतं?
— एक डेव्हलपर, हिंजवडी, पुणे

उत्तर : कॉपी पूर्ण झाली आहे. जे आलं नाही ते येणारच नव्हतं, आणि येत नाही हेच बरं.

बँकेचं अ‍ॅप पहिल्यांदा नोंदवताना फोनच्या प्रोसेसरमधल्या संरक्षित भागात डिजिटल किल्ल्यांची एक जोडी तयार होते. अँड्रॉइडमध्ये याला कीस्टोअर म्हणतात. त्यातली खासगी किल्ली त्या चिपबाहेर कधीच पडत नाही. अ‍ॅपलाही ती वाचता येत नाही. ‘एवढ्या मजकुरावर सही करून दे’ इतकंच अ‍ॅप सांगू शकतं. बँकेचा सर्व्हर तुम्हाला त्या सहीवरून ओळखतो. त्यामुळे मेमरीतली प्रत्येक फाइल जशीच्या तशी उचलली तरी किल्ली मागेच राहते. शिवाय अ‍ॅप लिहिणारा मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपची माहिती असलेल्या फाइलीत, बॅकअपला नकार देऊ शकतो, आणि अँड्रॉइड १२ पासून क्लाउडवर काय जाऊ नये आणि फोन-ते-फोन कॉपीत काय जाऊ नये, याचे नियम वेगवेगळे लिहिता येतात. बँका दोन्ही दारं लावून घेतात.

क्लाउडच्या बॅकअपची आणखी एक मेख आहे. गुगलच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये प्रत्येक अ‍ॅपला २५ एमबी मिळतात. डेटा त्याहून मोठा झाला की त्या अ‍ॅपचा बॅकअप थांबतो आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. चार वर्षांचा घरखर्च ज्यात लिहिला ते अ‍ॅप नव्या फोनवर कोरं का, याचं उत्तर बरेचदा इथे सापडतं. अशा अ‍ॅपमध्ये स्वतःचा ‘एक्स्पोर्ट’ असतो. तो वापरून फाइल हाताने न्या.

आता क्रम. सुरुवात ऑथेंटिकेटरपासून. गुगल ऑथेंटिकेटरमध्ये खाती हलवण्याचा पर्याय आहे : जुना फोन क्यूआर दाखवतो, नवा स्कॅन करतो. खाती जास्त असली तर एकामागून एक क्यूआर येतात, पहिल्यावरच थांबू नका. २०२३ पासून हे अ‍ॅप गुगल खात्याशी सिंकही होतं, पण सिंक चालू आहे असं गृहीत धरू नका, उघडून बघा. हलवल्यावर एका खात्याचा आकडा दोन्ही फोनवर शेजारी-शेजारी ठेवून पाहा. खातं जोडताना मिळालेलं गुप्त बीज आणि घड्याळातली वेळ यांवरून दर ३० सेकंदांनी हा आकडा काढला जातो, म्हणून दोन्हीकडे तोच दिसला पाहिजे. वेगळा दिसला तर आधी फोनची वेळ ‘ऑटोमॅटिक’वर आहे का ते तपासा.

दुसरी पायरी राखीव कोडची, म्हणजे ऑथेंटिकेटर नसताना लॉगिन करून देणाऱ्या कोडची. गिटहब (प्रोग्रामरांची कोड ठेवायची साइट) असे १६ कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर छापून घरात ठेवा. फोनच्या गॅलरीत त्यांचा स्क्रीनशॉट ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण ते कोड लागतील तेव्हा फोनच हाताशी नसेल.

तिसरं ऑफिसचं खातं. सूचनेवर ‘मंजूर’ दाबायची पद्धत असेल तर ती नोंदणी त्या विशिष्ट फोनची असते. नव्या फोनची नोंदणी करताना बहुतेक कंपन्यांत जुन्या फोनवरून एकदा मंजुरी द्यावी लागते. जुना फोन पुसून बसलात तर आयटी विभागाकडे तिकीट टाकून वाट पाहणं आलं, आणि तिकीट टाकायलाही लॉगिन लागतं. हे काम शुक्रवारी संध्याकाळी काढू नका.

यानंतर व्हॉट्सअ‍ॅप, मग सिम, सर्वांत शेवटी बँका आणि यूपीआय. जुना फोन किमान एक पगार आणि एक वीजबिल नव्या फोनवरून सुखरूप पार पडेपर्यंत तसाच ठेवा. त्याच्या बदल्यात मिळणारी सवलत त्याच दिवशी फोन मागत असेल, तर वरचं सगळं डिलिव्हरीच्या आधी करून ठेवता येत नाही, हे लक्षात घेऊन ती सवलत सोडून देणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप ३८ जीबी आहे आणि गुगल ड्राइव्ह भरल्याचं सांगतंय. पैसे न भरता गप्पा नव्या फोनवर नेता येतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : येतील, आणि ड्राइव्हला हातही न लावता. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पूर्वी ड्राइव्हच्या जागेत मोजला जात नसे. २०२४ पासून तो मोफतच्या १५ जीबीत धरला जातो. म्हणून अनेकांचा बॅकअप काही महिन्यांपूर्वीच मुकाट्याने थांबलेला असतो. शेवटचा बॅकअप कधीचा आहे, ती तारीख आधी बघा.

जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स असं जा. नव्या फोनवर त्याच नंबरने नोंदणी करा आणि जुन्या फोनवरून गप्पा आणण्याचा पर्याय निवडा. नवा फोन क्यूआर दाखवेल, जुन्याने तो स्कॅन करायचा. डेटा थेट एका फोनवरून दुसऱ्यावर जातो. दोन्हीकडे वाय-फाय आणि लोकेशन चालू हवं, व्हॉट्सअ‍ॅपची आवृत्ती ताजी हवी. ३८ जीबीला वेळ लागणार. दोन्ही फोन चार्जरला लावा आणि स्क्रीन बंद होऊ देऊ नका. मध्येच तुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बॅटरी सेव्हर.

ते जमलं नाही तर हातची वाट आहे. जुन्या फोनवर बॅकअप घ्या. त्याची एक प्रत फोनमध्येच राहते. फाइल मॅनेजरमध्ये ‘अँड्रॉइड’ फोल्डर, त्यात ‘मीडिया’, त्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाचं फोल्डर. ते अख्खं उचलून नव्या फोनवर त्याच जागी ठेवा, आणि त्यानंतरच तिथे व्हॉट्सअ‍ॅप उघडून नोंदणी करा. क्रम उलटा झाला तर अ‍ॅप कोऱ्या पाटीने सुरू होतं. मग काढून पुन्हा टाकावं लागतं.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : ‘मूव्ह टू आयओएस’ने गप्पा नेणं आयफोन नवाकोरा किंवा पूर्ण पुसलेला असतानाच जमतं. आठवडाभर वापरून मग आठवण झाली, तर आयफोन पुसून पहिल्यापासून सुरुवात. आणि एन्क्रिप्टेड बॅकअपसाठी ६४ अंकांची किल्ली घेतली असेल तर ती कुठे लिहिली आहे ते आधी शोधा. ती हरवली तर कोणीही काही करू शकत नाही.

प्रश्न : सिम नव्या फोनमध्ये टाकलं, यूपीआयचं अ‍ॅप ‘एसएमएस पाठवता आला नाही’ म्हणतं आणि थांबतं. पाच वेळा करून पाहिलं. बँक म्हणते आमच्याकडे अडचण नाही, सिम कंपनीही तेच म्हणते. नक्की कुठे अडतंय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी हे थांबवा. सारखे प्रयत्न केले तर काही बँका नोंदणी काही तासांसाठी अडवून ठेवतात.

यूपीआयची नोंदणी करताना अ‍ॅप तुमच्या सिमवरून एक सांकेतिक एसएमएस आपणहून पाठवतं. तो ज्या नंबरवरून आला, तो नंबर बँक खात्याला जोडलेला आहे का हे बघून हा फोन तुमचा असं धरलं जातं. म्हणजे अडचण बहुधा त्या एका एसएमएसची. तपासणी अशी करा : त्याच सिमवरून कोणाला तरी साधा एसएमएस पाठवून बघा. तो गेला नाही तर प्लॅनमध्ये एसएमएस नाहीत, रिचार्ज संपला आहे किंवा मूळ शिल्लक शून्य आहे. घरातलं दुसरं सिम फक्त ओटीपीपुरतं जिवंत ठेवणाऱ्यांकडे हे फार होतं. दोन सिम असतील तर अ‍ॅपमध्ये योग्य सिम निवडलंय ना, आणि एसएमएससाठी फोनने दुसरं सिम ठरवून टाकलेलं नाही ना, ते पाहा.

साधा एसएमएस जात नाही, पण फोन लागतो आणि इंटरनेटही चालतं? मग विचारायचं ते हे, की सिम कार्ड नुकतंच बदलून घेतलंत का, किंवा त्याचं ई-सिम केलंत का. सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्या नंबरवर येणारे-जाणारे एसएमएस बंद ठेवले जातात. दुसऱ्याने तुमच्या नावावर सिम काढून खातं रिकामं करू नये, म्हणून ही सोय आहे. तिथे काही बिघडलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी करा.

एसएमएस जातो, तरी नोंदणी होत नाही, असं असेल तर व्हीपीएन, प्रायव्हेट डीएनएस आणि जाहिराती अडवणारी अ‍ॅप्स बंद करा. आणि डेव्हलपरमंडळींसाठी खास : नवा फोन हातात येताच बिल्ड नंबरवर सात वेळा टिचक्या मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायची सवय असते. बँकेची बरीच अ‍ॅप्स त्यातलं यूएसबी डिबगिंग (संगणकावरून फोन चालवू देणारी सोय) चालू दिसलं की पुढे जात नाहीत. काही जण कारण सांगतात, काही नुसतीच बंद पडतात. आधी बँका नोंदवून घ्या, डिबगिंग नंतर.

नोंदणी झाल्यावर पहिले २४ तास बहुतेक ठिकाणी रक्कम पाठवण्याची मर्यादा कमी असते, अनेकदा ५,००० रुपये. घरभाडं किंवा शाळेची फी त्या दिवशी ठेवू नका. जुना यूपीआय पिन आठवत असेल तर तोच चालतो, नवा करायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र सिम काढण्याआधीची. यूपीआय लाइटमधले (छोट्या रकमा पिनशिवाय देण्यासाठी बाजूला काढलेले) पैसे त्या फोनवरच्या अ‍ॅपशी बांधलेले असतात. जुन्या फोनवर लाइट बंद केलं की उरलेली रक्कम बँक खात्यात परत जाते. रक्कम छोटी, जास्तीत जास्त ५,००० रुपये. पण फोन पुसल्यावर ती सोडवायला बँकेच्या मागे लागावं लागतं.

प्रश्न : आमच्या कारखान्यात भाग मोजण्यासाठी २०१५ मध्ये लिहून घेतलेलं अँड्रॉइड अ‍ॅप आहे. बारकोड स्कॅन करतं आणि फोटो काढून ठेवतं. लिहिणारी व्यक्ती आता नाही, पण सोर्स कोड आहे. पर्यवेक्षकांना नवे फोन दिले, तर अ‍ॅप बसतच नाही. जुन्या फोनवर मात्र छान चालतं.
— एका लघुउद्योगाचे व्यवस्थापक, भोसरी

उत्तर : नकाराची कारणं दोन असू शकतात, आणि उपाय वेगवेगळे आहेत.

पहिलं, अ‍ॅपने जाहीर केलेली अँड्रॉइडची पातळी. तिला टार्गेट एसडीके म्हणतात. ती २३ च्या खाली असेल तर अँड्रॉइड १४ अ‍ॅप बसवूच देत नाही. अँड्रॉइड १५ ने ही रेघ २४ वर नेली. २०१५ मधलं अ‍ॅप बहुधा २१ किंवा २२ वर असेल. संगणकाला फोन जोडून एडीबी या डेव्हलपरच्या साधनाने बसवताना ‘बायपास लो टार्गेट एसडीके ब्लॉक’ हा पर्याय दिला, तर ते आजही बसतं. यावर चार दिवस काम निभावेल. प्रत्येक नव्या फोनसाठी संगणक घेऊन बसणं हा कायमचा मार्ग नव्हे.

दुसरं, ३२ बिटचा प्रश्न. एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवायची फाइल, ही झिप फाइलच असते. उघडून त्यातलं ‘लिब’ फोल्डर बघा. ते नसेलच तर काळजी नाही. त्यात नुसतं ‘आर्मीएबीआय-व्ही७ए’ असेल आणि ‘आर्म६४-व्ही८ए’ नसेल, तर फक्त ६४ बिट चालवणाऱ्या फोनवर ते अ‍ॅप बसणार नाही. २०२२ मधल्या पिक्सेल ७ पासून असे फोन आले आणि आता वाढत चालले आहेत. बारकोड वाचणाऱ्या जुन्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) असा थेट प्रोसेसरसाठी बनवलेला, नेटिव्ह कोड सापडण्याची शक्यता बरीच. त्या लायब्ररीची नवी आवृत्ती घ्या. ती बदलताना १६ केबी मेमरी-पानांना (मेमरी वाटायच्या मोठ्या तुकड्यांना) चालणारी आहे ना तेही पाहून घ्या. प्ले स्टोअरने १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ आणि पुढच्या पातळीच्या अ‍ॅप्सना ती अट घातली आहे. तुम्ही स्टोअरवर जात नसलात तरी पुढचे फोन त्याच दिशेने जाणार. स्वतःचा सी किंवा सी++ कोड असेल तर एनडीके या गुगलच्या साधनसंचाच्या आर२८ आवृत्तीने बांधला की तो आपोआप तसा बनतो.

आता खरी मेहनत. डेव्हलपर नवा असेल तर तो टार्गेटचा आकडा २२ चा २४ करील, अ‍ॅप बसेल, आणि स्कॅनचं बटण दाबताच कोसळेल. २३ पासून कॅमेऱ्याची परवानगी अ‍ॅप बसवताना मिळत नाही, चालू असताना मागावी लागते. जुन्या कोडमध्ये ती मागणी नसतेच. ती घातली की पुढची ठेच फोटोला. २४ पासून दुसऱ्या अ‍ॅपला थेट फाइलचा पत्ता देता येत नाही, दिला तर ‘फाइल यूआरआय एक्स्पोज्ड’ अशी चूक येऊन अ‍ॅप बंद पडतं. तिथे फाइल प्रोव्हायडर हा अँड्रॉइडचा मध्यस्थ वापरायचा. या दोन दुरुस्त्या छोट्या आहेत. टार्गेट ३० किंवा त्यापुढे नेलं तर मात्र सामायिक फोल्डरमध्ये हवं तिथे लिहिणं बंद होतं आणि फोटो साठवायची सगळी रीत बदलावी लागते. कारखान्याच्या आतल्या वापरासाठी एकदम शेवटच्या पायरीवर उडी घेण्यापेक्षा आधी २४ वर आणून काम सुरू करा, मग वेळ काढून पुढे जा.

सोर्स आहे म्हणता, तर सहीची किल्लीही आहे का ते आजच शोधा. ‘जेकेएस’ शेपटीची ती फाइल आणि तिचा पासवर्ड. ती नसेल तर नवं अ‍ॅप जुन्यावर बसणार नाही. जुनं काढावं लागेल आणि त्याच्या आतला डेटा त्याच्याबरोबर जाईल. म्हणून ज्या जुन्या फोनवर ते चालतंय, त्यावरचा डेटा बाहेर काढल्याशिवाय एकही फोन भंगारात देऊ नका.

प्रश्न : आईसाठी गोळ्यांची आठवण करून देणारं छोटं अ‍ॅप मी स्वतः लिहिलं आहे. जुन्या फोनवर दोन वर्षं बिनचूक वाजत होतं. नव्या फोनवर कधी अर्ध्या तासाने वाजतं, कधी वाजतच नाही. कोड एका अक्षरानेही बदललेला नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : कोड तोच असला, तरी परवानग्या तशाच राहिल्या नाहीत. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायची परवानगी अ‍ॅपला मागावी लागते. अँड्रॉइड १४ पासून ठरलेल्या मिनिटाला गजर लावायची परवानगी नव्याने बसवलेल्या बहुतेक अ‍ॅप्सना आपोआप मिळत नाही, आणि जुन्या फोनवरून कॉपी करून आणलेलं अ‍ॅपही याला अपवाद नाही. ती नाकारलेली असली की ‘अंदाजे’ गजर वापरणारं अ‍ॅप उशिरा वाजतं, आणि ‘अचूक’चा आग्रह धरणारं कोसळतं.

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ नावाची खास परवानगी आहे; ती आईच्या फोनवर हाताने चालू करा. मग अ‍ॅपच्या बॅटरीच्या पानावर ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. काही चिनी बनावटीच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ वेगळं असतं आणि अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीत कुलूप लावायची सोयही असते; दोन्ही करा. कोडमध्ये तीन सुधारणा हव्यात : गजर लावण्याआधी परवानगी आहे का ते विचारणं, नसेल तर त्या पानावर नेणं, आणि फोन बंद-चालू झाल्यावर सगळे गजर पुन्हा लावणं. औषध रक्तदाबाचं किंवा साखरेचं असेल, तर फोनच्या स्वतःच्या घड्याळातही एक गजर लावून ठेवा. आपल्या कोडवर कितीही विश्वास असला तरी.

प्रश्न : मी बनवलेला खेळ नव्या फोनवर दुप्पट वेगाने पळतो. प्रोसेसर जास्त वेगवान आहे म्हणून का?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नाही, स्क्रीनमुळे. जुनी ६० हर्ट्झची, म्हणजे एक चौकट (फ्रेम) १६.६७ मिलिसेकंदांची. नवी १२० हर्ट्झची, ८.३३ मिलिसेकंदांची. तुम्ही ‘दर चौकटीला चार पिक्सेल पुढे’ असं लिहिलं असणार. त्याऐवजी मागच्या चौकटीपासून किती वेळ गेला ते मोजा आणि वेग गुणिले वेळ, एवढं अंतर हलवा. स्क्रीन ६० वर बांधून टाकणं हा पळपुटा उपाय आहे. काही फोन तापले किंवा बॅटरी उतरली की दर आपणहून बदलतात, तेव्हा तो खेळ पुन्हा डगमगेल.

प्रश्न : ‘८ + ८ जीबी रॅम’ म्हणजे १६ जीबी समजायचं का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. दुसरे ८ जीबी साठवणुकीच्या जागेतून घेतलेले असतात आणि ती चिप खऱ्या रॅमच्या जवळपासही पोचत नाही. मागे पडलेली अ‍ॅप्स तिथे ढकलली जातात, एवढाच उपयोग. २५६ जीबीच्या फोनवर चालू राहिलं तरी बिघडत नाही. १२८ वाल्यावर बंद करून ८ जीबी जागा परत घ्या, मग फोन रिस्टार्ट करावा लागेल. पैसे घालायचेच तर खऱ्या रॅमवर, आणि साठवणूक यूएफएस (साठवणुकीच्या चिपचा प्रकार) ३.१ किंवा त्यापुढची आहे का हे बघण्यावर घाला. २.२ वर मोठं अ‍ॅप उघडताना फरक कळतो.

प्रश्न : दोन शंका. नवा फोन पहिल्याच दिवशी गरम होतो आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी १५ टक्क्यांवर येते. परत करावा का? जुना फोन चाचणीसाठी टेबलावर कायम केबलला लावून ठेवायचा विचार आहे, चालेल?
— एक डेव्हलपर, नागपूर

उत्तर : परत करायची घाई नको, पण परतीची तारीख लिहून ठेवा. पहिले काही दिवस फोन आतून राबत असतो : शेकडो अ‍ॅप्स उतरवणं, ती त्या प्रोसेसरसाठी नव्याने संकलित (कंपाइल) करणं, हजारो फोटोंतले चेहरे शोधणं, क्लाउडशी जुळवणं. यातलं बरंचसं फोन चार्जरला आणि निवांत असताना उरकलं जातं, म्हणून दोन-तीन रात्री तो वाय-फायवर चार्जिंगला ठेवा. आठवड्यानेही तसंच राहिलं, तर बॅटरीच्या पानावर कोणतं अ‍ॅप वर आहे ते बघा. कोणतंच अ‍ॅप वर दिसत नाही आणि हातात न घेताही फोन गरम राहतो, तर परत करा.

जुन्या फोनचं मात्र तसं करू नका. लिथियम बॅटरी १०० टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ४.४ व्होल्टवर, महिनोन्‌महिने धरून ठेवली आणि त्यात खोलीतली उष्णता मिळाली, की आतलं द्रावण विघटित होऊन वायू धरतो. नागपूरचा मे महिना आणि चार वर्षांची बॅटरी हा जोड वाईटच. मागचं झाकण उचललेलं दिसणं, स्क्रीनच्या कडेला फट पडणं, टेबलावर फोन डुलणं ही लक्षणं. असा फोन चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका आणि घंटागाडीत तर टाकूच नका. सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या.

चाचणीसाठी केबलची गरजही नाही. अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डिबगिंग आहे : फोन सहा अंकी कोड दाखवतो, तो संगणकावर एकदा दिला की जोडणी होते. दोघं एकाच वाय-फायवर हवेत. ऑफिसचं वाय-फाय उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नसेल तर लॅपटॉपचा हॉटस्पॉट चालू करून फोन त्याला जोडा. फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर ती लावा. नसेल तर रोज थोडा वेळच चार्ज होईल असा टायमरचा प्लग वापरा.

पण जुना फोन ठेवा, हे नक्की. तुमच्या नव्या फोनवर जे लोण्यासारखं सरकतं, ते ४ जीबीच्या फोनवर अडखळत असेल आणि तुम्हाला कळणारच नाही. तुमचं अ‍ॅप वापरणाऱ्यांच्या खिशात बहुधा तुमचा नवा फोन नाही, जुनाच आहे.

प्रश्न : साताऱ्याला आई-वडिलांसाठी इथून आयफोन घेऊन यायचा आहे. काय बघावं? माझ्या अमेरिकेच्या नंबरवर यूपीआय चालतं का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना आयफोन १४ पासून सिमचा खणच नाही. भारतात जिओ, एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) ई-सिम देतात, त्यामुळे फोन चालेल. प्रश्न पुढचा आहे. फोन पडला, स्क्रीन गेली, तर साध्या सिमवाल्याला ते काढून जुन्या फोनमध्ये घालता येतं आणि ओटीपी येत राहतात. ई-सिमला पुन्हा कंपनीची प्रक्रिया आली, फोनचा ३२ अंकी ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) आला, वर एसएमएस २४ तास बंद. सत्तरीच्या माणसांना हे फोनवरून समजावून सांगायची तयारी असेल तरच आणा. आमचं मत विचाराल तर त्यांचा फोन साताऱ्यातच घ्या. आणायचाच तर कोणत्याही कंपनीला न बांधलेला, अनलॉक्ड घ्या. हप्त्यावर घेतलेला फोन बरेचदा बांधलेला असतो. ‘ई-सिम करून देतो, कोड सांगा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या, हेही त्यांना आधीच सांगा.

यूपीआयचं उत्तर होय. अनिवासी भारतीयांचं एनआरई किंवा एनआरओ खातं असेल आणि त्याला तुमचा अमेरिकी नंबर जोडलेला असेल, तर चालतं. जानेवारी २०२३ मध्ये ज्या दहा देशांच्या नंबरांना परवानगी मिळाली त्यांत अमेरिका आहे. तुमची बँक आणि तुमचं अ‍ॅप ती सोय देतात का, ते आधी विचारा. नोंदणीचा एसएमएस त्या नंबरवरून भारतात जातो, त्याचे पैसे तुमची तिथली कंपनी लावते.

प्रश्न : जुना फोन ओएलएक्सवर विकतोय. फॅक्टरी रीसेट पुरेसा आहे का? आणि त्याच पैशांत मुलासाठी वापरलेला फोन घ्यायचा असेल तर काय तपासू?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : स्क्रीनलॉक लावलेल्या गेल्या काही वर्षांतल्या फोनला पुरेसा आहे. अँड्रॉइड १० पासून येणाऱ्या नव्या फोनमध्ये डेटा एन्क्रिप्टेडच असतो. रीसेटमध्ये किल्ली नष्ट होते आणि उरलेल्या फाइल्स वाचता येत नाहीत. पण रीसेटच्या आधी सेटिंग्जमधून गुगल खातं काढा. तसंच पुसलंत, विशेषतः बटणं दाबून रिकव्हरीतून, तर सुरू होताना फोन तुमचाच पासवर्ड मागतो आणि घेणारा रात्री अकराला तुम्हाला फोन करतो. आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद करा. मेमरी कार्ड काढा, ई-सिम पुसला जातोय ना ते रीसेटच्या पानावर बघा.

घेताना, विकणाऱ्याच्या समोर तारा, हॅश, ०६, हॅश असं दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा. खोक्यावरचा आणि बिलावरचा आकडा तोच हवा. मग इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’, एक जागा सोडून तो १५ अंकी आकडा, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत किंवा दुसऱ्याच मॉडेलच्या नावावर दिसला, तर पैसे देऊ नका. त्याच्याच समोर रीसेट करून, तुमच्या खात्याने एकदा सुरू करून, तुमचं सिम घालून एक फोन लावून बघा, आणि बिलाची मूळ प्रत मागून घ्या.